मधे थांबवू नये अशी कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. किती जुना, ते विचारू नका. जेद्दाच्या समुद्रात पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा मी काठावर गाणी वाजवत बसलो होतो, असं मी शेजारच्या मिक्सरला सांगतो आणि तो बिचारा मानतो. मी खोटं बोलत नाही. आवाजाची खुंटी जरा जास्त फिरवतो, इतकंच.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण जीव आला तो जेद्दातल्या अल अझीझिया वस्तीत, हुसेनमियाँच्या खोलीत. हुसेनमियाँ रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. कफीलच्या, म्हणजे तिकडच्या मालकाच्या, दुकानात मसाले विकत. त्या काळी फोन महाग, आणि गावाकडे आईला अक्षर येत नव्हतं. म्हणून आमच्याकडे कॅसेटवर बोलून पाठवायची रीत होती. गावी जाणारा कोणी भेटला की त्याच्या हाती आवाज द्यायचा. तिकडून आईचा आवाज यायचा, "हुसेना, खं हायस रे पुता? जेवतंस ना वेळेवर?" मागे कोंबडा आरवत असायचा.

त्या खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्या सगळ्या कोकण्यांचा एक कायदा होता. आईची कॅसेट मधे थांबवायची नाही. ती एकच गोष्ट चारदा सांगो, खोको, रडो, बटणाला बोट लावायचं नाही. एकदा दारावर हवालदार आला, तर तोही कोपऱ्यात बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि डोळे पुसत गेला. (खुंटी, मित्रांनो, खुंटी.)

मग मोबाइल आले. आई अल्लाघरी गेली. हुसेनमियाँचा संसार जेद्दातच थाटला गेला. मला कपाटावर चढवलं आणि माझ्या पाठीवर तांदळाची गोणी ठेवली. धुळीशी माझी चांगली ओळख झाली.

मला खाली उतरवलं ते हुसेनमियाँच्या नातीनं, बिलकिसनं. कोरोनात सगळे घरात बंद होते आणि पोरगी कंटाळली होती. हुसेनमियाँनी कधीतरी जुन्या बाजारातून स्पॅनिश शिकवणाऱ्या कॅसेटींचा खोका आणला होता, तो तिला सापडला. त्या कॅसेटीतले मास्तर माद्रिदचे. आवाज असा की इस्त्री केलेला सदरा. ते म्हणत, "पुन्हा म्हणा," मग जागा सोडत, विद्यार्थी बोले, मग 'टिंग' अशी घंटी वाजे आणि मास्तर बरोबर वाक्य सांगत. मोठ्यांना काय म्हणायचं, चौघांना काय म्हणायचं, सगळं नियमानं. बिलकिस शिकली, आणि खरंच फार सुरेख शिकली.

पण घंटीही शिकली. "दादा, 'खं हायस' नाही, 'कुठे आहेस'. टिंग!" आजोबांना ती दादाच म्हणायची. हुसेनमियाँ हसायचे. हळूहळू ते तिच्यासमोर कमी बोलू लागले. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

पुढे बिलकिसला मक्केत काम मिळालं. स्पॅनिश बोलणाऱ्या यात्रेकरूंची सोय बघायची. पहिलाच गट कोलंबियाहून आला, आणि त्यात होत्या रोसाल्बाआजी. डोंगरातल्या गावच्या, वेण्या घातलेल्या, उतारवयात कलमा पढून मुसलमान झालेल्या. उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करायची, एवढ्या एका इच्छेवर समुद्र ओलांडून आलेल्या. बसमध्ये त्यांनी बिलकिसचा हात धरला आणि तिला 'सुमर्से' म्हटलं. त्यांच्या डोंगरात 'तुम्ही'ला असंच म्हणतात. त्यात मानही असतो आणि मायाही.

बिलकिस गोड हसून म्हणाली, "आजी, सुमर्से पुस्तकात नाही. 'उस्तेद' म्हणायचं."

आजींनी पुन्हा सुमर्सेच म्हटलं. बिलकिसनं पुन्हा सुधारलं आणि, सवयच ती, म्हणायला जागाही सोडून दिली. बसमधली तरुण मंडळी हसली. आजींनी बिलकिसचा हात सोडला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आजी खोलीतून बाहेरच येईनात. त्यांच्या सोबतिणीनं बिलकिसला सांगितलं, "लहानपणी शाळेत याच बोलीसाठी त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. आता म्हणतात, माझी स्वतःची भाषाच चुकते, तर माझी दुआ कशी बरोबर होणार? मी अल्लाच्या त्या घरासमोर तोंड उघडणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गट मदिनेला निघणार होता; आजींचा उमरा राहिलाच होता.

बिलकिस संध्याकाळी घरी आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. हुसेनमियाँना सगळं सांगून म्हणाली, "दादा, मी फक्त बरोबर काय ते सांगितलं."

"बरोबरच सांगितलंस गो बाय," ते म्हणाले. "माझ्या आयशीलापण असाच कोणी सांगितला असता, तर तिची एकतरी कॅसेट आली असती काय?"

आणि त्यांनी डब्यातून आईची कॅसेट काढून माझ्या पोटात घातली. कोंबडा आरवला. "हुसेना, खं हायस रे पुता?" आई तीच ती गोष्ट सांगू लागली. बिलकिसचा हात सवयीनं बटणाकडे आला. हुसेनमियाँनी तो वरच्यावर धरला आणि कॅसेट संपेपर्यंत सोडला नाही.

"दादा," बिलकिस हळूच म्हणाली, "तुम्ही हल्ली माझ्याशी बोलत का नाही?"

"तुझी घंटी वाजते ना!" म्हातारा हसला, पण डोळे हसले नाहीत.

सकाळी हुसेनमियाँनी मास्तरांची एक कॅसेट घेतली. भरलेल्या कॅसेटवर पुन्हा आवाज भरायचा तर तिच्या कोपऱ्यातल्या भोकावर चिकटपट्टी लावावी लागते, ती लावली. मला पिशवीत घातलं. "यल्ला, जा," म्हणाले.

हॉटेलच्या खोलीत बिलकिस आजींच्या पायाशी जमिनीवर बसली. "आजी, घरच्यांना काही सांगायचं असेल तर यात बोला. मी मधे थांबवणार नाही."

आजींनी मला उलटसुलट पाहिलं. "हे असलं अजून जिवंत आहे होय?"

(अपमान मी गिळला.)

मग त्या बोलल्या. बहिणीशी बोलल्या, बटाट्याच्या शेताशी बोलल्या, मेलेल्या नवऱ्याशी भांडल्या. आणि शेवटी, आवाज अगदी खाली आणून, देवाशी बोलल्या. त्यालाही सुमर्सेच म्हणाल्या. मास्तरांचा धडा खाली पुसला जात होता. पण मास्तरांना मी बोल लावणार नाही, मित्रांनो. त्यांनी शिकवलं नसतं, तर बिलकिसला आजींचं एक अक्षर कळलं नसतं.

बिलकिसनं कॅसेट मागे फिरवली आणि आजींना त्यांचाच आवाज ऐकवला. दोघी शेवटपर्यंत हलल्या नाहीत. दुआ संपली, आणि कॅसेटवर उरलेले मास्तर अचानक खणखणीत म्हणाले, "पुन्हा म्हणा!"

त्यांनी जागा सोडली. त्या जागेत बिलकिस उठली, हात पुढे करून म्हणाली, "चला, सुमर्से."

टिंग!

आजी इतक्या हसल्या की वेण्या सुटल्या. मग त्यांनी त्या बांधल्या, हातपाय-तोंड धुऊन वुजू केली, आणि दोघी निघाल्या. उमरा झाला. दुआ कोणत्या बोलीत झाली, ते ऐकणाऱ्यानं कोणाला विचारलं नाही.

मी मात्र तसाच चालू राहिलो होतो. रिकाम्या खोलीत मास्तर नियम सांगत होते, आणि मी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं. कायदा तो कायदा.

आता मी हुसेनमियाँच्या उशाशी असतो. बिलकिस दारातून विचारते, "दादा, खं हायस?" आणि म्हातारा जो बोलायला लागतो, तो जेवण निवेपर्यंत थांबत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर उपकार होतील. नाही पुसलीत तरी चालेल. पण व्याकरण शिका, चांगलं शिका, आणि कोणी आपल्या आईच्या बोलीत बोलू लागलं की बोट बटणापासून लांब ठेवा. ती कॅसेट पुन्हा भरून मिळत नाही. यात मात्र मी खुंटी जराही फिरवलेली नाही.