समोर ओढलेली सीट

बुद्धभूषणला लहानपणापासून गाड्यांचं वेड. जेलरोडच्या कॉलनीत खिडकीकडे पाठ करून बसायचा आणि नुसत्या आवाजावरून कुठली गाडी गेली ते सांगायचा. शेजारच्या यशोदाबाई तर घरी पाहुणे आले की त्याला मुद्दाम बोलावून त्यांना त्याची परीक्षा घ्यायला लावायच्या. पोरगा पुढे गाड्यांतच काहीतरी करणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. केलंही त्याने. डिप्लोमा झाला, चार वर्षं शोरूमच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि मग परीक्षा देऊन तो विम्याचा सर्व्हेअर झाला. गाड्यांवर जीव असलेल्या माणसाच्या वाट्याला रोज मोडलेल्या गाड्या आल्या. ठोकर कुठे बसली, कशी बसली, दुरुस्त होईल की भंगारात जाईल, हे बघून लिहायचं, हे त्याचं काम.

त्याची एक सवय होती. पाहणी संपली, फोटो काढून झाले, की एकदा चालकाच्या जागेवर बसायचं. कुणी विचारलं तर म्हणे, स्टीअरिंग बघतोय. खरं म्हणजे तो गाडीचा निरोप घ्यायचा.

फेब्रुवारीत द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमध्ये विंचूरहून टो करून आणलेली तांबडी गाडी त्याच्याकडे आली. जुनं मॉडेल, एअरबॅग नसलेलं. रस्त्याच्या उजव्या कडेला दिवे नसलेली कांद्याची ट्रॉली उभी होती, तिच्यावर जाऊन आदळलेली. बॉनेट आणि उजवा कोपरा आत गेलेला. चालकाच्या बाजूचं दार कापून काढलेलं. कागद सांगत होते: गाडीचे मालक केरू सावळीराम, वाइन पार्कमधल्या कारखान्यात सुपरवायझर, स्वतः गाडी चालवत होते. शेजारी मुलगी तेजल, वय सतरा. ती जागीच गेली. केरूंचं डाव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मोडलं.

पाहणी झाली. सवयीने बुद्धभूषण आत बसायला गेला आणि त्याचे गुडघे स्टीअरिंगखाली अडकले.

सीट पार समोर ओढलेली होती. तो चाचपत खाली वाकला. रूळ शाबूत, खटका घट्ट बसलेला. ठोकरीने सरकलेली नव्हती, कुणीतरी हाताने ओढून बसवलेली होती. त्याने मान वर केली. आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला नाही, मागची काचही दिसली नाही. आरसा खाली झुकवलेला होता, बुटक्या माणसाच्या डोळ्यांसाठी. चालकाचा बेल्ट पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवलेला, गाडीने टुंग टुंग वाजू नये म्हणून करतात तसा. डावीकडचा बेल्ट मात्र ताणून, घासून, अर्ध्यावर अडकून बसला होता. त्याने एक माणूस धरून ठेवला होता. डाव्या खांद्यावरून जाणारा बेल्ट. आणि केरूंचं डावं हाड.

त्या अरुंद जागेत गुडघे आवळून तो किती वेळ बसून राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

घरी जाऊन त्याने रिपोर्ट लिहायला घेतला. सगळं लिहिलं, बॉनेट, रेडिएटर, चॅसी. सीटच्या रकान्यापाशी येऊन हात थांबला. दोन दिवस थांबलेलाच राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या गाडीत बसला, तर आरसा खाली झुकलेला.

बायकोला, उज्वलाला, त्याने विचारलं, "आरशाला हात लावलास का?"

"मी कशाला लावू? मला गाडी येते तरी का?"

त्याने आरसा नीट केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. गाडीला कुलूप, दोन्ही किल्ल्या त्याच्या कपाटात. दाराची काच धुळीने भरलेली आणि धुळीवर बोटाचा एक ठसा नाही. आरशाची सांधी सैल असेल म्हणून त्याने स्क्रू आवळले. त्यानंतरच्या सकाळी आरसा खालीच, आणि स्क्रू तसेच घट्ट.

त्या दिवशी त्याने आरसा वर केला नाही. सीटवर तो हळूहळू खाली सरकत गेला, मान आखडून, जोवर त्या आरशात मागचा रस्ता पुरता दिसत नाही तोवर. त्या उंचीवरून जग निराळंच होतं. बॉनेट उंच डोंगरासारखं वाटत होतं, रस्ता त्याच्यामागे लपलेला. सतरा वर्षांच्या पोरीला एवढंच दिसलं असेल. आणि डाव्या रिकाम्या सीटकडे बघायचं त्याला धाडस होईना. तिथे कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं वाटत होतं.

तो तसाच विंचूरला गेला.

दार मालनबाईंनी उघडलं. केरूंची बायको, ठेंगणी, रोडावलेली. "सर्व्हेवाले आलेत," एवढं त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या आणि आत गेल्या. केरू बाहेर आले. सहा फुटांचा माणूस, डावा हात गळ्यात बांधलेला. त्यांनी पाहुण्याला घरात बसवलं नाही. पलीकडे द्राक्षाच्या बागेच्या बांधावर घेऊन गेले.

"केरूभाऊ," बुद्धभूषण म्हणाला, "तुम्ही त्या सीटवर बसूच शकत नाही."

केरूंनी बांधावरचं ढेकूळ पायाने फोडलं. मग म्हणाले, "बघितलं तुम्ही."

"बघितलं."

"पोरगी लय दिवस मागं लागली होती, साहेब. रस्ता मोकळा होता. मीच म्हणलं, घे. बेल्टचं म्हणलं तर हसली, गळ्याला टोचतो म्हणाली. मी बांधला, तिचा ऱ्हायला." त्यांनी उजव्या हाताने डावा खांदा धरला. "मी बांधला, साहेब."

बांधावरून मजूर बाया क्रेट घेऊन गेल्या. बुद्धभूषणने त्यांना वाट करून दिली.

"मग तुम्ही चालवत होता असं का लिहून दिलंत?"

"क्लेमचा कागद मेव्हण्यानं भरला, मी सही केली. पैशाचं नाय ते. पोलिसांतबी मीच तसं सांगितलंय. उद्या गावात कुणी म्हणायला नको, पोरगी स्वतःच्या हातानं मेली. मालन म्हणती, तुम्ही मारली. बोलत नाय माझ्याशी. ताट ठेवती आणि जाती. म्हणू दे. माझ्यावरच ऱ्हाऊ दे ते."

"मला खोटं लिहिता यायचं नाही," बुद्धभूषण म्हणाला. "आणि खरं लिहावं तर..."

"मी क्लेम मागं घेतो."

त्याच दुपारी केरूंनी उजव्या हाताने अर्ज लिहिला: क्लेम नको, गाडी परत मिळावी. अर्ज कंपनीकडे गेला आणि फाइल बंद झाली. सीटचा रकाना कोराच राहिला. त्या दुपारी निघताना केरूंनी त्याचा हात धरला. "मालनला कळू देऊ नका. तेवढं करा." बुद्धभूषणने मान डोलावली.

आरसा आठवड्याभर जागेवर राहिला. त्याला वाटलं, सुटलो.

केरूंनी भंगारात विकलेली गाडी भंगारवाल्याने उचलायच्या आदल्या दिवशी गॅरेजवाल्याचा फोन आला. "साहेब, एक बाई आल्यात. गाडी बघायचीय म्हणतात. तुमचं नाव घेतायत."

मालनबाई एकट्या आल्या होत्या, एसटीने. द्वारकेच्या गर्दीतून विचारत विचारत पोचल्या होत्या. त्यांनी त्याला नमस्कार केला आणि सरळच विचारलं, "तुम्ही गाडी तपासली ना? कोण चालवत होतं?"

त्याने केरूंना शब्द दिला होता. आणि खोटं बोलायची तयारी करून तो आलेला नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, "गाडी भंगारात निघालीय. आता कशाला..."

त्यांनी पुढचं ऐकलं नाही. दार नसलेल्या बाजूने, पदर आवरून, काचेचा चुरा बाजूला करत त्या आत शिरल्या आणि चालकाच्या सीटवर बसल्या. पाय पेडलपर्यंत नीट पोचले. गुडघे कुठे अडले नाहीत. त्यांनी वर आरशात बघितलं. मान उंच करावी लागली नाही, झुकवावी लागली नाही.

गॅरेजवाला बाजूला झाला. हातोड्यांचे आवाज चालूच होते.

मालनबाईंनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. खूप वेळ आरशात बघत राहिल्या. बुद्धभूषणला त्या आरशात काय दिसतंय ते त्याच्या जागेवरून दिसत नव्हतं, आणि बघायची इच्छाही नव्हती. एकदा त्यांचे ओठ हलले. कुणाशी तरी बोलल्यासारखे, डावीकडे तोंड करून.

उतरल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्याएवढीच झाली होती ती. माझे ब्लाऊज बसायचे तिला."

त्यांनी पदरावरचा काचेचा चुरा झटकला.

"त्यांना सांगू नका मी आले होते."

"नाही सांगणार."

तो त्यांना एसटी स्टँडवर सोडायला निघाला, पण त्या नको म्हणाल्या. गाडीत बसायचं नाही आता, म्हणाल्या. मग रस्ता ओलांडेपर्यंत तो सोबत गेला.

गाडी दुसऱ्या दिवशी कापली गेली. आरसा त्यानंतरही अधूनमधून खाली झुकलेला मिळायचा. उज्वलाला तो काही बोलला नाही. वर करायचा आणि निघायचा. नव्या गाड्या येत होत्या, मोडलेल्या, आणि त्यांतल्या सीटवर बसणं त्याने सोडलं नाही; फक्त बसण्याआधी तो आता क्षणभर दाराशी थांबायचा, आत कुणी असेल तर उठायला वेळ मिळावा म्हणून.

दीड महिन्याने केरूंचा फोन आला.

"साहेब, एक विचारायचं होतं. तुम्ही मालनला काय सांगितलं का?"

"एक शब्द नाही, केरूभाऊ."

"नाय, म्हणलं..." पलीकडे शेतातला वारा वाजत होता. "काल ताट ठेवलं आणि गेली नाय. बसली समोर. म्हणाली, हात बरा नाय अजून, भाकरी मी मोडून देते."

"मग?"

"दिली मोडून," केरू म्हणाले. आणि फोन न ठेवता ते तिकडे रडत राहिले. बुद्धभूषण गॅरेजच्या दारात फोन कानाला लावून, त्यांचं थांबेपर्यंत उभा राहिला.