दारावरची वेल, कुंपणावरची वेल

मार्चअखेर बर्फ वितळून अंगणात चिखल झाला, तेव्हा आर्विडनं पलंगावरूनच बायकोला हाक मारली.

"थोरा, अगं, वेली कापायच्या राहिल्यात."

चाळीस वर्षांत त्यानं वेली कापायच्या कात्रीला तिला हात लावू दिला नव्हता. क्लेमॅटिसच्या दोन वेली होत्या. एक दाराच्या खांबावर, दुसरी रस्त्याकडच्या कुंपणावर. दारावरची त्यांच्या मुलीनं, सिग्नेनं, पहिल्या पगारातून आणली होती. त्याच उन्हाळ्यात सिग्ने तळ्यात बुडाली. वेल मात्र जगली. दर जूनच्या सुरुवातीला तिच्यावर बशीएवढी फिकट निळी फुलं यायची. तेवढे दिवस आर्विड सकाळची कॉफी पायरीवर बसून प्यायचा आणि कुणाशी बोलायचा नाही.

आता त्याची फुप्फुसं संपली होती. डॉक्टर म्हणाले होते, फार तर जूनचा मध्य. थोरानं त्याचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला होता. तिथून खांब दिसायचा.

"एकदा फुलं बघितली की मी मोकळा," तो म्हणायचा.

"सांग, कशा कापू?" थोरानं विचारलं.

"दारावरची पार खाली. गुडघ्याएवढी ठेव. कुंपणावरचीची नुसती वाळकी टोकं काढ."

"दारावरची पार खाली? नक्की?"

"तुला वेलीतलं काय कळतं गं? तू आपले बटाटे सोल."

दुखण्यावरचं गुंगीचं औषध तेव्हा त्याला दिवसातून चारदा द्यावं लागायचं. तेवढं सांगून तो झोपला. थोरा बाहेर गेली. मार्चमध्ये दोन्ही वेली सारख्याच दिसतात, तपकिरी, सुतळीसारख्या, मेलेल्या. त्यानं सांगितल्याप्रमाणे तिनं कापल्या. दारावरचीची भारा भरून काटकी निघाली.

मेच्या मध्याला शेजारची लव्होन नूडल्सचं गरम भांडं घेऊन आली आणि पायरीवरच थबकली.

"थोरा! हिला कुणी भादरलं?"

"मी. आर्विडनं सांगितलं तसं."

"अगं बाई, ही जुन्या काडीवर फुलते! मुळाशी कापायची ती कुंपणावरची. आता हिला जूनमध्ये कसली फुलं? आलीच तर ऑगस्टमध्ये दोन-चार, खुरटी."

लव्होन गेल्यावर थोरा अवजारांच्या खोलीत गेली. ती आर्विडची जागा. मार्चमध्ये तिनं कात्री दाराशेजारच्या खिळ्यावरून काढून घेतली होती, आत पाऊल टाकलं नव्हतं. आता तिनं आत शिरून दार ओढून घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं, दर वर्षाची एक, अशा ओळी होत्या. सगळ्या सारख्या. 'दार – टोकं. कुंपण – गुडघा.' त्याचंच अक्षर. यंदा त्यानंच उलटं सांगितलं होतं.

ती तशीच तरातरा घरात आली.

आर्विड उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होता. खांबावर नुसती कोवळी पानं चढली होती.

"कळ्या कुठायत?" तो म्हणाला. "एव्हाना कळ्या हव्यात. काय केलंस तू?"

"गुडघ्याशी कापली."

"गुडघ्याशी? टोकं म्हणालो होतो मी! दारावरचीची टोकं! चाळीस वर्षांत एकदा तुझ्या हातात कात्री दिली, एकदाच!"

त्याला ढास लागली. थोरानं त्याच्या तोंडाशी भांडं धरलं. अवजारांच्या खोलीतल्या ओळी तिच्या अगदी जिभेवर होत्या. त्याला चालता येत नव्हतं, एकट्यानं लघवीला जाता येत नव्हतं. वेलींतलं आपल्याला कळतं, एवढंच काय ते त्याच्यापाशी उरलं होतं.

"मीच उलटं केलं," ती म्हणाली.

"मूर्ख बाई," तो म्हणाला. "सिग्नेची वेल होती ती. पडदा ओढ."

तिनं पडदा ओढला. त्यानं तो पुन्हा उघडू दिला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. औषध घ्यायचा तेव्हा चमच्याकडे बघायचा. नऊ जूनला दुपारी तो गेला. शेवटचं बोलला ते "पाणी नको" एवढंच.

त्याला पुरल्यानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. आर्विडची बहीण गुड्रून ताट घेऊन समोर येऊन बसली.

"फुलांसाठी जीव अडकला होता म्हणे त्याचा. आणि तू वेलच कापलीस?"

"हो."

"चाळीस वर्षं बघत होतीस ना गं त्याला कापताना?"

शेजारी बसलेल्या लव्होननं तोंड उघडलं. थोरानं तिचं मनगट दाबलं.

"लव्होन, हिला कॉफी ओत."

ऑगस्टमध्ये वेलीवर तीन फुलं आली, मुरंब्याच्या बरणीच्या झाकणाएवढी. थोरा पायरीवर बसली नाही. ती अवजारांच्या खोलीत गेली, दार ओढून घेतलं आणि सुतळीला लटकवलेली पेन्सिल घेतली. अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबली. मग शेवटच्या ओळीखाली तिनं यंदाचं साल घातलं आणि पेन्सिल दाबून लिहिलं:

'दार – गुडघा. कुंपण – टोकं. थोराची चूक.'