चादरीची नोंद

“आधी मी खाणार,” मी म्हटलं आणि डबा माझ्याकडे ओढला.

आमच्या बालगृहाचा नियमच आहे तो. भेटीला आलेल्या नातेवाइकांचा खाऊ आधी मुली सांभाळणाऱ्या मावशीने, म्हणजे मी, चाखायचा, मग मुलीला द्यायचा. पण खरं सांगते, त्या शनिवारी मला नियमापेक्षा खोट काढायची घाई होती. डब्यात सांदणं होती, वाफवलेल्या तांदळाची. पांढरीशुभ्र, सोबत बरणीत नारळाचं दूध. ही बाई केळशीहून पहाटेची एसटी धरून, दापोलीला गाडी बदलून रत्नागिरीत आली, तरी एक सांदण चेपलेलं नव्हतं.

मी तुकडा तोंडात टाकला. मीठ बरोबर, गोडी बरोबर. मेलं जिभेवर विरघळलं.

“जरा दडस झाल्येत, घट्ट,” मी म्हटलं.

“होय मावशी, घाईत केली ना,” रझिया हसून म्हणाली. वाद घालायला हवा होता तिने. मला बरं वाटलं असतं.

इकराने चार खाल्ली. माझ्या हातच्या एका घावण्यावर ती पोर अर्धा तास काढते.

रझिया म्हणजे इकराच्या मेलेल्या आईची धाकटी बहीण. इकरा तिला खाला म्हणते. इकरा सात वर्षांची असताना आई गेली, बाप कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नाही, आणि ही खाला तेव्हा नवऱ्याबरोबर मस्कतला. आता केळशीला घर बांधून परतल्यावर तिला भाची आठवली. कागद झाले, कोणी जाऊन घर बघून आलं, आणि तिला महिनाभर दर शनिवारी भेटायची परवानगी मिळाली. महिना संपला की बालकल्याण समिती ठरवणार, पोर आमच्याकडे राहील की केळशीला जाईल.

मी कमळा. चौथीपर्यंत शिकलेली. पंधरा वर्षं आठवड्यातले सहा दिवस मी या मुलींत झोपते आणि सातव्या दिवशी घरी जाऊन तीन सुनांची झोप उडवते. कोणाचा हेवा करावा अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माझाच करतात लोक.

इकरा आली तेव्हा दोन महिने बोलली नाही. मी तांदूळ निवडायला बसले की येऊन बाजूला बसायची. एक दिवस सुपात बोट दाखवून म्हणाली, “मावशी, खडा.” तो तिचा पहिला शब्द. मी तो खडा फेकलासुद्धा नव्हता बरेच दिवस. आणि आता ही पोर खालाच्या मांडीवर बसून नळ सुटल्यासारखी बोलत होती. तिच्या वर्गातल्या बाईंना बारीक मिशी आहे, हे दोन वर्षांत मला सांगितलं नव्हतं तिने.

“खाला, तुझ्या घरातून समुद्र दिसतो?”

“दिसतो तर. ओटीवर बसलं की समोर.”

“मावशी, तुझ्या घरातून गो?”

“माझ्या घरातून शेजाऱ्याचा संडास दिसतो,” मी म्हटलं.

दोघी हसल्या. एकसारख्या हसल्या, तोंडावर हात ठेवून. ते मला जास्त लागलं.

आता चादरीचं सांगते.

इकरा अंथरूण ओलं करायची. पहिल्या दिवसापासून. असलं काही असलं तर नोंदवहीत लिहायचं असतं. पण पूर्वी एका मुलीचं लिहिलं होतं, तर ते कसं कोण जाणे शाळेत पोचलं, आणि दहावी होईपर्यंत ती पोर मान वर करून चालली नाही. म्हणून इकराचं मी कोणाला कळू दिलं नाही. सगळ्यांच्या आधी उठायचं, चादर धुवायची, मागच्या दगडी गडग्यावर पसरायची. माझ्या सुटीच्या रात्रीची चादर पोर गुंडाळून माझ्यासाठी लपवून ठेवायची. अशी दोन वर्षं. नोंदवही ऑफिसातलं कोणीतरी लिहायचं, मी नुसतं सांगायची. इकराच्या नावापुढे माझं एकच ठरलेलं, झोप चांगली.

सोमवारी सकाळी मी चादर धूत होते तर मृणाली मागे येऊन उभी राहिली. ही आमची नवी समुपदेशक. शिकलेली, मायाळू, हातात कायम पेन.

“कोणाची चादर, मावशी?”

“इकराची.”

“अरे देवा. कधीपासून होतंय हे?”

चुकून तोंडातून गेलं असं मी म्हणणार नाही. मला वेळ होता. चादरीला मी दोनदा साबण लावला. मग म्हटलं, “ती खाला यायला लागल्यापासून.”

मृणालीने लिहून घेतलं. नोंदवही मागे जाऊन चाळली असेल तर तिला दोन वर्षं चांगली झोपच दिसली असणार.

महिना संपला तशी समिती आमच्याच मोठ्या खोलीत बसली. इकरा शाळेत होती. रझिया कडक इस्त्रीचा ड्रेस घालून, डोक्यावरची ओढणी सारखी करत, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मी दाराशी. मृणालीने अहवाल वाचला. घर चांगलं, माणसं चांगली, पण भेटी सुरू झाल्यापासून मूल अंथरूण ओलं करतं.

समितीतल्या मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे मुलीला ताण येतोय. आपण सहा महिने भेटी थांबवू. मग बघू.”

मी रझियाकडे बघत होते. वाटलं, आता रडेल, भांडेल, मस्कतचे पैसे दाखवेल. मग मी मनात म्हणणार होते, बघा, ही असली.

ती उठून उभी राहिली. “माझ्यामुळे होतं तिला?”

“तसं दिसतंय.”

“मग सहा महिने कशाला? मी नायच येत. तिला त्रास होत असेल तर नको मला.” पिशवी काखेत घेऊन ती वळलीसुद्धा. “मावशी हायेत तिला. मावशींपाशी ती बरी होती.”

माझ्या अंगाचा तीळपापड झाला. हे माझं बोलणं होतं. पोरीसाठी पोरीला सोडायची, हे मी म्हणायला हवं होतं, पंधरा वर्षं मावशी म्हणवून घेणारीने. आणि ही कालची आलेली खाला सांदणासारखं तेही मऊसूत करून माझ्यापुढे ठेवून चालली होती. तिचं मन माझ्यापेक्षा मोठं निघावं, हे मला सहन झालं नाही. दया आली म्हणून बोलले असं कोणी समजू नका.

“खाली बस गो,” मी दारातूनच ओरडले. “खोटं आहे ते.”

सगळ्यांनी माना वळवल्या.

“पोर दोन वर्षं अंथरूण ओलं करते. आधी रोज होतं, ही यायला लागल्यापासून आठवड्यातून तीनदा होतं. कमी झालंय. मी मोजलंय.”

हे बोलेपर्यंत मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मृणालीचा चेहरा उतरला. “मावशी, पण नोंदवहीत तर…”

“नोंदवहीत मी सांगेन ते जातं. मी सांगितलं नाही.”

“का?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“चादरी तुम्ही धुवायला येणार होतात?” मी म्हटलं. मग मला माझंच वाईट वाटलं. “चुकलं बाई. दोन्हीदा चुकलं. लिहून घ्या हवं तर, सही येते मला.”

लिहून घेतलं. मला अधीक्षकांची नोटीस आली. नोटिशीचं उत्तर मृणालीनेच लिहून दिलं आणि माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पंधरा दिवसांनी इकराच्या नावाचा हुकूम निघाला, केळशीचा.

न्यायला रझिया रिक्षा घेऊन आली. इकरा आत मुलींना टिकल्या, रबरं वाटत होती, तिला निघायची घाई नव्हती आणि जायचं दुःखही नव्हतं. रझिया माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मावशी, तुमी काय करायचात ते मला सांगा ना. रात्री कशी सांभाळायची तिला?”

वाटलं सांगू नये. एवढं एक तरी माझं राहू दे.

“दिवे लागल्यावर चहा द्यायचा नाय,” मी म्हटलं. “पहाटे नमाजाला उठतेस ना? त्याच्या आधी तासभर तिला उठवायची, ओली असली तर तेव्हाच चादर बदलायची. नावाने हाक मारायची नाय, दचकते. दिवा लावायचा नाय.”

“मग उठवू कशी?”

“फीर तिकडे. एकदाच दाखवणार.”

तिने माझ्याकडे पाठ केली. मी मानेपासून कमरेपर्यंत सावकाश हात उतरवला, मग पुन्हा वरून, तिला सगळं नीट कळेल असा. तिसऱ्यांदा उतरवताना वाकून बघितलं तर रझियाने डोळे मिटले होते. रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

“थांब रे जरा,” मी म्हटलं, आणि हात पुन्हा मानेशी नेला.