पालटबावीला कुलूप नाही

मी एक जुनी विहीर आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. हसू नका, मित्रांनो. दगडी विहिरीला चार वर्षे म्हणजे काहीच नाही, पण मी मोबाइलच्या खेळातली विहीर आहे, आणि आमच्यात चार वर्षांत म्हातारपण येते. माझ्याबरोबर जन्मलेले कितीतरी किल्ले, राक्षस आणि राजवाडे केव्हाच पुसले गेले. मी अजून आहे. मला बुजवायला निघालेले लोक कमी नव्हते, तरी मी आहे. का आहे, ते सांगायलाच आज तोंड उघडले आहे.

माझे नाव पालटबाव. रायगडच्या किनाऱ्यावर विहिरीला बाव म्हणतात. मला घडवणारी कल्पिता आगरदांड्याच्या कोळीवाड्यातली. तिचे वडील हिरामण हे स्वतःच्या होडीचे मालक आणि तिचे तांडेलही, म्हणजे होडी हाकणारे, खलाशांचे म्होरके. आई मनुबाई मासळी सुकवून बाजारात विकते. घराच्या माळ्यावर, सुक्या बोंबलांच्या वासात बसून कल्पिताने एकटीने एक खेळ घडवला आणि त्याचे नाव ठेवले सातखाडी. त्यात सात खाड्या आहेत. प्रत्येक खाडीत कोणीतरी दबा धरून बसले आहे. पहिल्या खाडीत बैलगाडीएवढा खेकडा, शेवटच्या खाडीत भरती गिळून बसलेला जलराक्षस.

खेळात शिरणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला थोडे गुण मिळतात. ते कशात घालायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी भाल्यात घालतो, कोणी जाळ्यात, कोणी वैद्यकीत, कोणी मंत्रात. पण पहिल्या दिवशी कोणाला काय कळते? एखादा सगळे गुण मंत्रात घालतो आणि मग त्याला ढालसुद्धा उचलवत नाही. अशा चुकलेल्यांसाठी मी आहे. माझ्या पायऱ्या उतरायच्या, पाण्यात बुडी मारायची, दिलेले सगळे गुण ओंजळीत परत घ्यायचे आणि वर येऊन नव्याने वाटायचे. हात तेच, नाव तेच, घडण नवी. याचे मी कधी काही घेतले नाही. कल्पिताने मला तसेच घडवले होते.

ते माझे चांगले दिवस होते. चुकलेली मुले यायची आणि हलक्या पावलांनी परत जायची. सातखाडीत दिवा ठेवायची सोय आहे, म्हणून ती जाता जाता माझ्या पायरीवर दिवा ठेवायची. दिवसाउजेडीही माझ्या पायऱ्यांवर दिवे तेवत असायचे. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे, लपवत नाही.

मग बिघडले. कुठे बिघडले ते नीट ऐका, कारण पुढे सगळे खापर माझ्या डोक्यावर फुटले.

होडीवर मासळी विकली की वाटे पडतात, हे कल्पिता लहानपणापासून बघत आली होती. खलाशांना ज्याचा त्याचा वाटा, आणि शिवाय होडीचा वाटा वेगळा, जाळ्यांचा वाटा वेगळा. ते दोन वाटे मालकाकडे जातात. तिने हीच रीत जशीच्या तशी खेळात घातली. राक्षस मारला, मासळी पकडली, खजिना सापडला, की सोबत्यांना एकेक वाटा आणि तांडेलाला त्याच्या वाट्यासह होडीचा आणि जाळ्यांचाही वाटा. तिला यात वावगे काही वाटलेच नाही. दुसऱ्या कोणा गावच्या माणसाने सरळ सगळ्यांना सारखे दिले असते. ही चूक करायला कोळ्याच्या घरीच जन्मावे लागते.

लवकरच सगळ्यांच्या ध्यानात आले की सातखाडीत तांडेल होण्यासारखा दुसरा फायदा नाही. मग माझ्या पायऱ्यांवर रांग लागली. भालेवाले आले, जाळेवाले आले, वैद्य आले. जो तो बुडी मारून तांडेल होऊनच वर येई. सगळेच पालखीत बसले तर खांदा कोण देणार? होड्या खाडीत नुसत्या डोलत राहिल्या, कारण जाळे ओढायला खलाशी उरला नाही. बाजारात मासळी येईना. जुन्या तांडेलांच्या पेट्या आधीच मोहरांनी भरून वाहत होत्या, आणि विकणारा मागेल त्या भावाने ते उरलेसुरले उचलू लागले. एका बोंबलाला तलवारीचा भाव आला. नव्या पोराला जखमेवर लावायचा पाला घ्यायचा तरी परवडेना. चार दिवस खेळून ती पोरे निघून जाऊ लागली.

आणि दोष कोणाला? मला. खेळणाऱ्यांनी लिहून लिहून कल्पिताचे डोके खाल्ले. विहीर फुकट आहे म्हणून लोक माजले, विहीर बंद करा, म्हणजे बाजार आपोआप ठिकाणावर येईल. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! मी कोणाला तांडेल व्हा म्हणून सांगायला गेले नव्हते. माझे पाणी जसे एकाला, तसे सगळ्यांना. लोक एकाच दिशेला पळत असतील, तर ते कशाच्या मागे पळतात ते बघायचे, की ज्या वाटेने पळतात ती वाट खणून टाकायची?

अशात मुंबईहून मितेश नावाच्या गृहस्थाचा फोन आला. छोटे खेळ विकत घेऊन मोठे करणारी एक कंपनी होती आणि हा तिथला माणूस. बोलायला गोड, वागायला सभ्य. त्याने सांगितले की कंपनी सातखाडी घेईल, ज्या सर्व्हरवर खेळ चालतो त्याचे भाडे भरेल आणि कल्पिताला नोकरीवर ठेवील. खेळ घडवायची नोकरी. अट एकच होती. पालटबावीला कुलूप घालायचे, आणि ज्याला उतरायचे असेल त्याने खरेखुरे रुपये मोजायचे. त्याचे म्हणणे असे की यात दोन्ही कामे होतात. पालटणे महाग झाले की लोक उठसूट पालटणार नाहीत, बाजार सावरेल आणि कमाईही होईल.

कल्पिताला त्याला नाही म्हणणे सोपे नव्हते. खेळातून तिला काही मिळत नव्हते. सर्व्हरचे भाडे ती शिकवण्या घेऊन भरत होती. उरणला तिची सुचिताआत्या राहते, तिने एका कंटेनर गोदामाच्या कचेरीत कारकुनाची जागा बघून ठेवली होती. मितेशला नकार दिला तर उरणची कचेरी. होकार दिला तर जन्मभर जे करावेसे वाटले ते काम. एका बाजूला ती होती, दुसऱ्या बाजूला मी.

तिने करून बघायचे ठरवले. एके सकाळी माझ्या तोंडावर फळ्या ठोकल्या आणि 'तूर्त बंद' अशी पाटी लावली. मी चिडले. भोगावे लागले तरी गप्प राहून सोसणारी जुनी वस्तू मी नव्हे. पण फळ्यांखालून ओरडले तरी ऐकते कोण?

बंद झाल्यावर बाजार सावरला का? मुळीच नाही. जे तांडेल झाले होते ते आता तांडेलच राहिले, आणि ज्यांना खलाशी व्हायची बुद्धी झाली होती त्यांचीही वाट अडली. भाव आणखी चढले. तळा गावची तेजस्वी नावाची एक शाळकरी मुलगी तेव्हाच नवी आली होती. तिने सगळे गुण वैद्यकीत घातले होते, कारण वैद्याला मान असतो असे तिला वाटले. सोबतीला कोणी नाही, हातात भाला नाही. पहिल्याच खाडीतला खेकडा तिला रोज पाण्यात लोटून देई. ती माझ्यापाशी आली, तर फळ्या. तिने कल्पिताला निरोप पाठवला. तो मी वाचला, कारण तो माझ्या पाटीखालीच लिहिलेला होता.

"ताई, मी पहिल्यांदाच खेळत होते. मला ठाऊक नव्हतं. एकदा चुकले तर आता मी कायम चुकलेलीच राहणार का?"

कल्पिताने त्याला उत्तर लिहायला घेतले आणि खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. मग लॅपटॉप तसाच उघडा घेऊन ती खाली अंगणात जाऊन बसली.

ते बंदीचे दिवस होते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात आणि घराघरांत दुरुस्त्या चाललेल्या असतात. हिरामण होडीच्या तळाचे शिंपले खरवडून आले होते आणि रंग, दोर, इंजिनचे काम असा खर्च मनुबाईला सांगत होते. मनुबाई मासे वाळवायच्या टोपल्या सांधत होती. ती वैतागून म्हणाली, "होडीचा वाटा होडीच खाते. घरात येतो तो नुसता वास."

हे ती दर बंदीत म्हणते. कल्पिताने ते जन्मभर ऐकले होते, पण त्या दिवशी ते तिच्या डोक्यात शिरले. सातखाडीतली होडी काही खातच नव्हती. तिचे लाकूड कुजत नव्हते, तिला शिंपले लागत नव्हते, जाळे कधी फाटत नव्हते. वाटा मात्र पडतच होता. तो तांडेलाच्या पेटीत साचत होता आणि त्यानेच बाजार बुडवला होता.

पुढचा सगळा आठवडा ती माळ्यावरून हलली नाही. तिने होड्यांना लाकूड दिले, म्हणजे कुजणारे लाकूड. जाळी फाटू लागली. सुताराला, लोहाराला, जाळे विणणाऱ्याला काम मिळाले आणि तांडेलांच्या पेटीतल्या मोहरा त्यांच्याकडे जाऊन तिथून बाजारभर फिरू लागल्या. तांडेलांनी आरडाओरडा केला. करू दे. मग कल्पिताने माझ्यावरच्या फळ्या काढल्या.

पुन्हा रांग लागली, आणि या वेळी ती वर येताना बघण्यासारखी होती. एक बुडी मारून सुतार होऊन निघाला, दुसरा खलाशी, तिसरा पुन्हा भालेवाला. होडी पोसणे जमणार नाही असे ज्यांना वाटले ते सगळे मोकळे झाले. बोंबील बोंबलाच्या भावाला आला. बाजार मोडला असेल माझ्या पाण्यातून, पण सावरला तोही माझ्याच पाण्यातून, हे त्या तक्रारखोरांपैकी एकानेही लिहिले नाही. तेजस्वीही आली. तिने थोडेच गुण भाल्यात घातले, बाकीचे पुन्हा वैद्यकीतच ठेवले आणि खेकड्याला आडवा करून पुढे गेली.

आता मितेशला उत्तर द्यायचे होते. तो गाडी घेऊन आगरदांड्याला आला. जेट्टीजवळच्या चहाच्या टपरीवर दोघे बसले. दिघीहून आलेल्या फेरीबोटीतून गाड्या उतरत होत्या. लॅपटॉप टेबलावर होता आणि त्यावर मीच होते, म्हणून सगळे माझ्या देखत झाले.

मितेशने आधी तिचे मनापासून कौतुक केले. होड्या कुजवायची युक्ती त्याला फार आवडली होती. पण अट तीच राहिली. "कल्पिताबेन, तुमचं मार्केट सुधारलं, मानलं. पण बावीला लॉक पाहिजेच. माणूस चुकला की घाईला येतो, आणि घाईतला माणूस पैसे देतो. धंदा तिथंच आहे."

कल्पिताने चहाचा पेला बाजूला सारला. मग बोलली.

"मी दोन वर्षं फार्मसी केली, मितेशभाई. मला जमत न्हवती. अशाच एका बंदीत बाबांना सांगितलं. ते जाळं शिवत होते. म्हणाले, मग दुसरं काय करतंस ते बघ. एवढंच. फीचा एक शब्द काढला न्हाय, आजपर्यंत काढला न्हाय. मला फुकट पालटू दिलं त्यांनी. मी दुसऱ्यांच्या पोरांकडून त्याचे पैसे घेऊ?"

 उठताना मितेश सहज बोलून गेला की सर्व्हरचे भाडे कोणाला चुकत नाही, कंपनीला घाई नाही, वर्षभरात कल्पिता स्वतःच फोन करील. त्यात धमकी नव्हती. ठाम खात्री होती, आणि तीच कल्पिताला झोंबली.

तिने उरणची नोकरी धरली. आत्याकडे राहते, दिवसभर गोदामाच्या कचेरीत बसते आणि पगारातून भाडे भरते. खेळ घडवायची नोकरी गेली ती गेलीच. तिला त्याचे वाईट वाटते आणि मलाही वाटते, ते मी नाकारत नाही. पण जाण्यापूर्वी तिने एक काम केले. माझी सगळी घडण, प्रत्येक पायरी कशी बांधली आणि पाणी कसे भरले, हे तिने जगासमोर उघडे मांडून ठेवले. ज्याला हवी त्याने न्यावी, आपल्या खेळात बांधावी, कोणाला विचारू नये. जे सगळ्यांचे झाले ते एकट्या कंपनीने विकत कसे घ्यायचे?

आणि लोकांनी मला नेले, मित्रांनो. वाळवंटाच्या एका खेळात मी खजुराच्या सावलीतला झरा आहे. बर्फाच्या एका खेळात गोठलेल्या तळ्याला पाडलेले भोक आहे. त्यांच्या भाषा मला येत नाहीत, पण चुकलेल्या माणसाचे पाऊल सगळीकडे सारखेच जड पडते. कोणी मला नेऊन कुलूपही घातले असेल. खुशाल घालावे. उद्या सर्व्हरचे भाडे थकले आणि सातखाडी बंद पडली, तर आगरदांड्याची मी संपेन, पण माझ्या बहिणी संपणार नाहीत. किती बावींना कुलपे लावत फिराल?

तुमच्या घरी कोणी चुकीची शाखा घेऊन बसले असेल, नको त्या कामाला जुंपले गेले असेल आणि रात्रंदिवस तोंड पाडून हिंडत असेल, तर त्याला आधीचा खर्च ऐकवू नका. वाटेतून बाजूला व्हा आणि त्याला उतरू द्या. एवढे जपा. माझ्यासाठी वेगळे काही मागत नाही. दिवेसुद्धा नकोत.

आणि मितेशभाई कधी भेटले, तर माझा एक निरोप सांगा. बाव उघडी आहे. त्यांनाही उतरायचे असेल तर यावे. पैसे लागणार नाहीत.