दुसरी हाक

“खळ्यातली हाक रिकामी जाव देव नको गो. हाक इली की ओ दी.”

कृष्णाबाईचे यजमान आबा शेवटचं धड बोलले ते एवढंच. “देतंय,” म्हणून तिनं शब्दही दिला होता. आज सकाळी तुळशीला पाणी घालताना तो आवाज पुन्हा कानात आला नि तिचा हात थांबला. काल रात्री देवळाच्या खळ्यात, खेळाच्या अंगणात, हाक आली होती, आणि ती गप्प बसली होती.

देवबागच्या जत्रेतला दशावतार नुसता बघायचा खेळ नव्हे. वेद चोरणारा शंखासुर काळी टोपी हलवत लोकांत घुसायचा. “ह्या गावात माका वळाखणारो कोण आसा रे?” असं त्यानं विचारलं की गर्दीतून आबा उठायचेच. “आसंय रे मेल्या! तुज्या बापाशीक पण वळाखतंय!” मग विष्णू जड मराठीत गर्जायचा, “अधमा, ते वेद मुकाट्यानं परत कर!” शंखासुर आबांकडे वळायचा, “काय म्हणता ह्यो?” आबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “म्हणता, पेज निवता, जेवक चल.” तेवढ्यात पेडण्याचा मृदंगवाला थाप थांबवून आपल्या कोंकणीत मासळीची चौकशी करायचा, “नुस्तें कितें आसा?” “बांगडो होतो. देवान खाल्ल्यान!” आबांचं उत्तर तयार. विष्णूलासुद्धा हसू आवरत नसे. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. दरवर्षी नवं निघायचं; पण आबांनी ओ दिल्याशिवाय पुढं सरकायचं नाही.

आबा गेले, त्यांचं वर्षश्राद्धही झालं. मूलबाळ नव्हतं. सोमवार होता, एकादशी होती, रोजची तुळस होती, म्हणून दिवसाला काठ तरी लागे. पण तिला ‘गो’ म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. शेजारच्या मथुराला काही हवं असलं की ती थेट दारात येऊन उभी राही. ओ म्हणायची घशाची सवयच मोडली होती.

काल ती खांबाआड बसली होती. शंखासुराचं काम नेहमीप्रमाणे बाबलीच करत होता. तो लोकांत शिरला आणि ओरडला, “आबांच्या घरातला कोण आसा रे?”

तिचं तोंड उघडलंच होतं. पण लहानपणी आईनं कानात घातलेलं आडवं आलं : रातीची पहिली हाक सोडायची. भूत एकदाच हाक मारतं, माणूस परत मारतो. तिनं ओठ मिटून दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. दुसरी आलीच नाही. शंखासुर थोडा थांबला, टोपी सावरली नि मागं फिरला. विष्णूच्या जड वाक्याचा भलताच अर्थ कुणी सांगितला नाही. मृदंगवाल्यानं विचारलं नाही, कुणी हसलं नाही.

“वैनी, पेज आसा?”

तुळशीपलीकडे अंगणात बाबली उभा होता. तोंडावरचं काळं अर्धं धुतलेलं, टोपी काखेत. तिनं वाटीभर पेज नि आंब्याच्या लोणच्याची फोड आणून दिली.

“रात्री मी हाक मारलंय, वैनी,” तो पेजेकडे बघत म्हणाला. “तुमी गप रवलात. म्हटलं, दुःख ताजा आसा, कित्या छळूचा.”

“एकच मारलंस.”

“मगे?”

“रातीच्या पयल्या हाकेक कोण ओ देता रे? सोडलंय.”

 बाबलीला असं हसू आलं की पेज सांडली. “इतकी वर्सां असुर करतंय, पण माका कोणी भूत म्हटला नाय!”

तीही हसली, पण लगेच डोळे पुसले. “ह्यांका शब्द दिल्लंय. तो फुकट गेलो.”

“खंय गेलो? आज जत्रेचो शेवटचो दहीकालो रवलो आसा. शंखासुराचा थंय काम नाय, तरी हाक मारूक येतंय. आणि दिसाची भुतां हाक मारणत नाय.”

कुंपणापलीकडून मथुरा बोललीच, “बायलमाणसान भर देवळात वरडूचा? लोक हसतले गो!”

“आबा ओ देय तेवा लोक काय रडत होते?” बाबली म्हणाला.

“पण तो विष्णू बोलता ता माका कळणा नाय,” कृष्णाबाई पुटपुटली.

“आबांका तरी खंय कळत होता!”

तो पेज संपवून गेला. तिनं तुळशीचं राहिलेलं पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. मागं वळून पाहिलं; मथुरा आत गेली होती. मग तुळशीसमोरच तिनं हळूच म्हणून पाहिलं, “ओ.” आवाज चिरका निघाला. पुन्हा म्हटलं. आता जरा बरा होता.

तिनं पदर खोचला, दाराला कडी लावली आणि माडांखालच्या वाळूतून देवळाच्या वाटेला लागली.