तिघांचा फोटो

"डबा देणार नाही म्हणजे नाही," वागिनेम म्हणाली. "ईदपासूनचे पापड आहेत त्यात. बाहेर काढले की संध्याकाळपर्यंत मऊ पडतील. मग खा चामडं."

बिस्किटांचा तांबडा डबा तिनं पोटाशी धरला होता. त्यातली बिस्किटं कधीच संपली होती. मुंतिलान गावात असा डबा घरोघरी असतो आणि बिस्किटाच्या आशेनं झाकण उघडणाऱ्या पाहुण्याला भाताचे पापडच मिळतात. तुगिमाननं बायकोशी वाद घातला नाही. पापड परातीत ओतले, डबा पुसला आणि कुंपणाला लावून उरलेला काळा रंग आतून फासायला बसला.

"मुलीनं मागितलाय," तो एवढंच म्हणाला. मग वागिनेमनंही वाद सोडला. गेले सहा महिने रेत्नोनं काही मागितलंच नव्हतं. भात मागितला नाही, पाणी तर मोजूनच मिळायचं.

रेत्नो शाळेत शिकवायची. मूत्रपिंडांनी काखा वर केल्या तेव्हा ती भाड्याची खोली सोडून आईबापाकडे परत आली. आठवड्यातून दोनदा मागलांग शहरातल्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायला जायची. हल्ली मशीनवर असतानाच तिची शुद्ध हरपे, आणि डॉक्टर तुगिमानशी बोलताना त्याच्या चपलांकडे बघत.

"तिथं तासन् तास छत बघत पडते मी, बापाक," सकाळी ती बापाला म्हणाली होती. "उद्या जाताना आपल्या तिघांचा फोटो न्यायचाय. उशाशी ठेवीन."

"फोन आहे की."

"फोनमध्ये माझं तोंड भोपळ्यासारखं येतं. तुम्ही लहानपणी डब्याचा कॅमेरा करून द्यायचात ना, तसा करा. त्यात सगळं मऊ दिसतं."

म्हणून हा उद्योग. तुगिमाननं सरबताच्या रिकाम्या कॅनमधून पत्र्याचा चौकोन कापला, पॉलिश पेपरनं घासून कागदासारखा पातळ केला आणि वागिनेमची सगळ्यात बारीक सुई घेऊन हलक्या हातानं भोक पाडलं. उजेडाकडे धरून पाहिलं. भोक गोल होतं. डब्याला खिळ्यानं मोठं छिद्र पाडून त्यावर तो पत्रा बसवला आणि वरून काळ्या चिकटपट्टीची झडप लावली. बास, झाला कॅमेरा. तो ज्या फोटो स्टुडिओत काम करायचा तो बंद पडला तेव्हा मालकानं दिलेला फोटोच्या कागदाचा गठ्ठा आणि चित्र पक्कं करायचं औषध त्यानं कपाटात जपून ठेवलं होतं. चित्र उमटवायला कॉफीची पूड, धुण्याचा सोडा आणि डॉक्टरांनी रेत्नोला मना केलेल्या सी व्हिटॅमिनच्या गोळ्या. न्हाणीघराच्या झरोक्यावर घोंगडी ठोकून अंधार केला आणि बॅटरीला तांबडा कागद गुंडाळला, मग डब्यात फोटोचा एक कागद बसवला.

हात काम करत होते, पण सकाळपासून त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. तिघांचा फोटो. तिघांनी एकत्र फोटो काढला की मधला आधी जातो, हे मुंतिलानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. स्टुडिओत त्यासाठी एक प्लॅस्टिकची बाहुली ठेवलेली असे. तिघं आले की तुगिमान न विचारता ती कुणाच्या तरी मांडीवर टेकवी, म्हणजे चौघं झाले. वकील, मास्तर, पोलीस, सगळे हसत आणि सगळेच ती मुकाट्यानं मांडीवर घेत. तुगिमानही हसायचा. आज त्याला हसू येत नव्हतं.

अंगणात तीन खुर्च्या मांडल्या. समोर स्टुलावर डबा, हलू नये म्हणून डब्यावर वीट.

"मधे मी बसतो," तो म्हणाला. "माझ्या पाठीला ती खुर्ची बरी."

"तुमची पाठ काल बरी होती," वागिनेम म्हणाली. "मधे मी बसते. कडेला ऊन लागतं."

"ऊन तिन्हीकडे सारखंच आहे."

"असू दे. मी बसते म्हटलं ना."

दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हती. रेत्नो दारातून भिंतीला धरत आली आणि सरळ मधल्या खुर्चीवर बसली. "मला दोन्हीकडून टेकू लागतो," ती म्हणाली. "भांडण मिटलं."

"न्दुक, बाळा, शेजारच्या पोरीची बाहुली आणते," वागिनेम घाईनं उठली.

"एकतिसाव्या वर्षी मी बाहुली घेऊन बसू, इबू? नर्स हसतील. बसा."

वागिनेम बसली. तुगिमाननं झडप उघडली. आता सावकाश खुर्चीपर्यंत जायचं आणि दोन मिनिटं गप्प बसायचं, इतकंच काम होतं. पण तो गेला नाही. विटेवर हात ठेवून तो डब्यापाशीच उभा राहिला.

"बापाक, या ना," रेत्नो ओठ न हलवता म्हणाली.

"वारा आहे. डबा हलेल."

केळीचं एक पानही हलत नव्हतं.

न्हाणीघरात ताटलीतल्या कॉफीच्या पाण्यात कागद बुडवला. त्यावर चित्र उलटं येतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. दोघी उमटल्या. वागिनेमचे पिकलेले केस काळेभोर आले होते. तिसरी खुर्ची रिकामी होती.

"छान आलाय हो," वागिनेम म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला तिच्या आवाजातच कळत होता.

रेत्नो बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती. ती ताटलीवर वाकली. "बापाक, मला मशीनवर भीती वाटते," ती म्हणाली. याआधी तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. "नळीतून सगळं अंग बाहेर जातंय असं वाटतं. तेव्हा बघायला तुम्ही दोघं हवेत. निम्मे नकोत. मी मधे बसले काय आणि कडेला बसले काय, मशीनला कुठं कळतंय?"

तुगिमानची मान खाली गेली. मुलीला वाचवायला निघालो आणि मागितलेली एवढीशी गोष्टही दिली नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्यानं अंधारात डब्यात नवा कागद बसवला.

या वेळी झडप उघडून तो थेट तिच्या डाव्या हाताशी जाऊन बसला. वागिनेम उजवीकडे होती. रेत्नोनं दोघांचे हात आपल्या मांडीवर ओढून घेतले. तिच्या मनगटावर जिथं मशीनची सुई टोचत, तिथं कातडीखाली रक्त माशीसारखं गुणगुणत होतं. ते त्याच्या बोटांना जाणवलं. त्यानं मनात आकडे मोजायला सुरुवात केली. जन्मभर नवऱ्यामुलींना, शिपायांना, रडक्या पोरांना त्यानं बजावलं होतं, हलू नका. पण पुढचा आकडा सुचेना. त्यानं दात आवळले, तरी खांदे गदगदायला लागले ते थांबेनात. पलीकडून वागिनेमचं मुसमुसणं ऐकू आलं. मधे रेत्नो मात्र डब्याकडे बघत होती, अगदी निवांत.

शेवटी तीच म्हणाली, "बापाक, झाली असतील दोन मिनिटं." मग तो उठला आणि झडप लावली.

न्हाणीघरात तिघंही ताटलीवर वाकली. आधी खुर्च्या आल्या, मग रेत्नो. ब्लाउजची बटणं, केसांतला भांग, मांडीवरचे हात, सगळं नीट मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. चेहरा सुजलेला वाटत नव्हता. तिच्या दोन्ही बाजूंना नुसता धूर होता. खांदे कुठं संपतात तेही कळत नव्हतं. चेहऱ्यांच्या जागी डाग होते.

"आणखी एक कागद आहे का?" वागिनेमनं विचारलं.

"आहे. पण उजेड गेला," तुगिमान म्हणाला. उद्या सकाळी दवाखान्याची गाडी ऊन वर यायच्या आत निघायची होती.

"असू दे, हाच नेते," रेत्नो म्हणाली. तिनं बोटानं ताटलीतला कागद जरा जवळ ओढला. "गंमतच आहे. मी तेवढी जागेवर बसलेली दिसते. तुम्ही दोघं आधीच निघून गेल्यासारखे."

"तसंच व्हायला हवं होतं," तुगिमान म्हणाला, आणि कागद दुसऱ्या पाण्यात घालून सावकाश हलवत राहिला.