भलत्या गालावरचा तीळ

"जुन्या नाण्यावर राजा डावीकडे बघायचा, आपली बाई उजवीकडे बघतेय. याला म्हणतात स्वातंत्र्य," समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि टांकसाळीत ठसे कोरणाऱ्या कोरक्याने मान खाली घातली.

नव्या देशाच्या पहिल्या नाण्यावर कणसं घेतलेली बाई हवी होती. कुठली, ते समितीने सांगितलं नव्हतं. कोरक्याने आपली बायको कोरली. ती जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. "माझं थोबाड कशाला कागदावर," म्हणत ती उठूनच जायची. खिडकीशी शिवत बसलेली ती, तिचा डावा गाल आणि गालावरचा तीळ, एवढंच त्याच्यापाशी उरलं होतं.

ठशात सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे नाण्यावर सुलट उमटतं. अठ्ठावीस वर्षांत कोरक्या हे झोपेतही चुकला नव्हता. याही खेपेला अक्षरं, आकडा बिनचूक उलटे कोरले. तिला मात्र आठवली तशीच कोरली. ठशात ती हुबेहूब बसली होती. नाण्यावर तिने तोंड फिरवलं आणि तीळ उजव्या गालावर गेला.

"साहेब, चूक झालीय. दुसरा ठसा करतो. हा मोडीत काढू नका, मला द्या."

"चूक कसली? मंत्र्यांच्या भाषणात गेलंय ते. आता देश उजवीकडेच बघणार."

नाणी पाडून झाली आणि ठसा तिजोरीत गेला. तिजोरीला तीन कुलपं, तीन साहेब. तिघांचं आपसात पटत नसे, त्यामुळे ती एरवीही क्वचितच उघडे.

दोन महिन्यांनी वाण्याने सुट्ट्या पैशांत ते नाणं दिलं. "घ्या, तुमच्याकडची बाई. तोंड फिरवूनच बसलीय. भाव ऐकले असतील."

"पहिल्यापासून रागीटच," कोरक्या म्हणाला आणि त्याने ते नाणं वेगळ्या खिशात टाकलं.

सकाळी दाढीला बसताना त्याने ते आरशाच्या फळीवर साबणाच्या वाटीला टेकवून ठेवलं, बाईचं तोंड आरशाकडे. गालाला साबण लावता लावता त्याचा हात थांबला.

"बाबा, पाणी निवलं," सून आतून म्हणाली. "एवढं काय बघताय आरशात?"

"नाणं खरं आहे का बघतोय."

"मग? आहे?"

आरशात आकडा उलटा पडला होता, देशाचं नाव वाचता येत नव्हतं. ती मात्र खिडकीशी बसली होती, डावा गाल त्याच्याकडे करून.

त्याच्या गालावरचा साबण वाळत चालला होता.